दूध सोसत नाही, मग पैलवानकी सोडायची का?

"मॅडम, दूध बंद केलं तर पोरगं उभं राहणार कशावर?" तासगाव तालुक्यातून सांगलीला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगा 17 वर्षांचा, तालमीत जाणारा. मेहनतीनंतर तांब्याभर म्हशीचं दूध प्यायला की पोट फुगायचं, कळ यायची, जुलाब व्हायचे. लाजेपायी वस्तादांना सांगायचा नाही. कुणाच्या तरी सल्ल्यावरून रक्ताची महागडी तपासणी केली. दूध, गहू, शेंगदाणे, अंडी, सगळ्यांपुढे लाल खूण! घरच्यांनी चारही बंद केलं आणि वजन उतरलं.

अहवाल आयजीजी प्रतिपिंडांचा, म्हणजे प्रतिकारशक्ती रक्तात तयार करते त्या एका प्रकारच्या प्रथिनांचा होता. आपण जे नेहमी खातो त्याची अशी प्रतिपिंडं निरोगी माणसातही सापडतात. त्यावरून ॲलर्जी ठरवू नये, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. असे कागद बघून वाढीच्या वयातल्या पोरांचं ताट रिकामं होतं, याचा मला फार राग येतो.

मी मुलालाच विचारलं, "अंगावर गांधी उठतात? ओठ सुजतात? धाप लागते?"

"न्हाई."

"चपाती, शेंगदाण्याची चटणी, अंडी खाऊन कधी त्रास? दही, ताक?"

"त्यानं काय होत न्हाई. नुसतं दूधच."

चित्र बरंचसं स्पष्ट झालं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लहानपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, वायू धरतो, जुलाब होतात. दुधाच्या ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडते. तिथं घोटभर दूधही धोक्याचं, दही-ताकही वर्ज्य. श्वास लागला तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांना दाखवून घेतलं. त्यांच्या सल्ल्यानं दोन आठवडे दूध थांबवलं, पोट शांत झालं. चपाती, अंडी, शेंगदाणे लगेच ताटात परत आले. 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं. बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत सोसतं. तांब्याभर दुधात ते कितीतरी जास्त होतं. म्हणून आता अर्धा कप दूध, तेही जेवणासोबत. बाकी दही, ताक, पनीर, आणि कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी.

वडिलांचं समाधान व्हायला वेळ लागला. "आमच्या घरात दूध कुणाला बाधलं न्हाई," हे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. वस्तादांना मात्र मुलानं स्वतःच सांगितलं. आता वडील फोनवर विचारतात, "कप भरून देऊ का?" माझं उत्तर ठरलेलं: आधी त्याला विचारा, पोट कसं आहे.