फाडलेला तक्ता आणि जळलेला पंप

"मॅडम, मी याच्यासाठी एवढं करून राहिली, अन् यानं तक्ताच फाडून टाकला."

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ही आई सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती. सोबत तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. तिनं पिशवीतून कार्डशीटचे चार तुकडे काढले आणि माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर जुळवून ठेवले. स्केचपेननं आखलेला सुट्टीचा तक्ता होता तो. साडेपाचला उठणं, योगासनं, धावणं, चित्रकला, इंग्रजी वाचन, खोली रंगवणं, घरामागच्या सांदवाडीत भाजीचे वाफे, नागझिरा अभयारण्याची सहल, आजीसोबत पापड. दहा दिवसांत मुलानं तो फाडला होता आणि पुन्हा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसला होता.

(घराची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

उन्हाळ्यात माझ्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच असतो. सुट्टीत मुलांचं काय करू? विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पारा ४५च्या आसपास असतो आणि बाहेर पडावं तर ऊन. आणि आता त्यात एक नवी बोच आली आहे. या आईची बहीण नागपूरला असते. तिच्या मुलांचे पोहण्याचे, स्केटिंगचे, शिबिराचे फोटो रोज स्टेटसवर दिसायचे. "मागच्या वर्षी पूर्ण उन्हाळा याचा मोबाईलमधी गेला. मले वाटलं, यंदा आपणही काही तरी देऊ लेकरांना," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या तक्त्यामागे किती माया होती, ते त्या आखलेल्या रेघांवरूनच कळत होतं.

मुलाशी मी एकट्याशीच बोलले. पहिली पंधरा मिनिटं तो खुर्चीच्या हाताची रेक्झिन सोलत बसला. मग मी तक्त्यातलं एकेक काम वाचत गेले आणि प्रत्येकाचं काय झालं ते विचारलं. खोली रंगवण्यापाशी तो बोलला.

"ब्रश दिला. दोन हात मारले न मारले तर बाबा म्हणे, दे इकडे, खराब करून राहिला. मग म्हणे बादली पकड. मी दोन दिवस बादलीच पकडली."

वाफ्यांचंही तसंच. माती आईनं केली, बी आजीनं टोचलं, यानं पाणी आणलं. नागझिऱ्याला मामाची गाडी करून गेले. जाऊन फोटो काढले आणि ऊन चढायच्या आत परत. "मले थांबायचं होतं," एवढंच तो म्हणाला.

त्या आईला जे मी सांगितलं तेच इथेही सांगते, कारण माझ्या अनुभवात बहुतेक घरांची गाठ इथेच बसलेली असते. आपण मुलांना काम देत नाही, कामाचा तुकडा देतो. हे पकड, ते आण, सर बाजूला. ठरवायचं आपण, करायचं आपण, चूक होऊ नये म्हणून मध्ये पडायचंही आपणच. तेरा वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं. मोबाईलच्या गेममध्ये निदान डाव त्याचा असतो. हरला तरी तोच हरतो.

आईला धास्ती होती की मुलाला व्यसनच लागलंय. हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. पण तो ठरवताना खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वरचढ होणं आणि नुकसान होत असूनही ते चालूच राहणं, हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. याची झोप ठीक होती, जेवण ठीक होतं, संध्याकाळी मित्रांनी हाक मारली की तो धावत जायचा. रात्रभर जागणं, घरातले पैसे उचलणं, मोबाईल काढून घेतल्यावर अंगावर धावणं किंवा स्वतःला इजा करणं असं काही असतं तर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं तुमच्या घरी दिसत असेल तर वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

तक्ता चिकटवायचा नाही, असं आम्ही ठरवलं. त्याऐवजी दोघांनी आपापलं एकेक काम निवडायचं, पूर्ण काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि आठवड्यातून एक सकाळ घरातल्या एका मोठ्या माणसासोबत बाहेर, फोटो न काढता. दुपारी बारा ते चार घरातच, आणि तेव्हा कंटाळा आला तर येऊ द्यायचा. मोबाईल संध्याकाळी एक तास. रात्री सगळ्यांचे मोबाईल चुलीशेजारच्या फळीवर, बाबांचाही. या शेवटच्या अटीवर बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग "ठीक आहे" म्हणाले.

मुलानं कूलर निवडला.

घरचा लोखंडी कूलर दोन वर्षांपासून ओसरीत पडून होता. खस सडलेला, पंप बंद, टाकीच्या तळाला गंज. बाबांना हे पटलं नाही, आणि त्यांची भीती खरी होती. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. म्हणून अर्थिंग आणि वायरिंग बाबांचं. काम चालू असताना प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. बाकी सगळं त्याचं. यात सवलत नाही, हे मी मुलालाही स्पष्ट सांगितलं आणि त्याला ते आवडलं. धोक्याचं काम आपल्या हाती दिलंय, हे त्याला समजलं होतं.

त्यानं गंज घासला, टाकीला आतून डांबर लावलं, नवा खस बांधला. बाबांनी जुन्या पंपाची वायर बदलून दिली आणि तो चालू लागला. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला आईचा फोन. "मॅडम, पोट्ट्यानं पंप जाळला."

टाकीतलं पाणी संपलं होतं आणि पंप कोरडाच फिरत राहिला होता. बाबा ओरडायच्या बेतात, आजी म्हणे लेकराच्या हाती दिलंच काहून. माझ्या दृष्टीनं त्या पूर्ण उन्हाळ्यातली सर्वांत मोलाची घटका हीच होती. मी आईला म्हटलं, आज कोणीच काही बोलू नका. सकाळी त्यालाच विचारा, आता काय करायचं.

सकाळी तो बाबांसोबत तालुक्याला गेला आणि नवा पंप घेऊन आला. अर्धे पैसे त्यानं आजोबांनी दिलेल्या खाऊच्या पैशांतून भरले. ते कोणी मागितले नव्हते. आणि टाकीच्या आत त्यानं आईच्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. पाणी या रेघेखाली गेलं की भरायचं. घरातलं प्रत्येक माणूस आता जाता-येता ती रेघ पाहत होतं.

मग आणखी एक झालं. कूलर चालायचा, पण खोली चिकट व्हायची. बाबा म्हणत खिडक्या लावा, थंडी बाहेर जाते. मुलानं मागची खिडकी उघडली. बाबांनी लावली. त्यानं पुन्हा उघडली आणि सांगितलं, "बाबा, ओली हवा बाहेर गेली नाही तर कोरडी येईन कुठून?" त्याचं बरोबर होतं. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून कूलर गार करतो, आणि हे आपल्या कोरड्या उन्हाळ्यातच नीट जमतं. बंद खोलीत हवा दमट होत जाते आणि गारवा थांबतो. पाच मिनिटांत खोली बदलली. बाबा म्हणाले, "मले माहीत नोतं." आईनं हे वाक्य मला फोनवर दोनदा सांगितलं.

धाकटीनं वाळवणाची राखण घेतली आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिली. सोडू द्या म्हटलं. पुढचा आठवडाभर ती सांदवाडीत पाण्याच्या परळाशी बसून कोणता पक्षी येतो ते पाहत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळची फेरी मुलानं आजोबांसोबत मागितली आणि जागा म्हणजे गावचा तलाव. रोजचाच तलाव, त्यात काय पाहायचं, असं आईला वाटलं. पण त्याला तुडूम पाहायचं होतं. पूर्व विदर्भातले हे जुने तलाव, बरेचसे कोहळी समाजानं बांधलेले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी म्हणून त्यांना मामा तलाव नाव पडलं. तुडूम म्हणजे पाळीतून, तलावाच्या मातीच्या बांधातून, पाणी नहरात सोडायची जागा. एरवी पाण्यात बुडालेली असते, मे महिन्यात उघडी पडते. आजोबांनी पहाटे साडेपाचला त्याला तिथे नेलं. पाणी कुठून निघतं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी जातं, जास्तीचं पाणी सलंगावरून कसं उतरतं, हे सगळं त्यांनी काठीनं जमिनीवर काढून दाखवलं. गाळ काढलेल्या खड्ड्यांकडे जायचं नाही, हेही तिथेच बजावलं. वरून वाळलेला गाळ आतून ओला असतो आणि पाऊस पडल्यावर तेच खड्डे पोरांना गिळतात. सात वाजता डोक्याला दुपट्टा बांधून दोघं घरी, आणि आल्या आल्या पन्हं.

पुढच्या चारही फेऱ्या त्यानं तलावावरच मागितल्या. जंगलात न्या म्हणून त्यानं हट्ट धरला नाही, आणि तेंदूपत्त्याच्या या दिवसांत वाघाच्या भागात पायी जाऊ नये, असंच माझंही सांगणं असतं.

मोबाईल सुटला का? नाही. तो तास तो मोजून घेतो आणि कधी दहा मिनिटं वाढवून मागतो. दोनदा भांडणंही झाली. आईनं मात्र बहिणीचे स्टेटस पाहणं स्वतःहून बंद केलं. ते मी सुचवलं नव्हतं.

जूनच्या शेवटी शाळा उघडायच्या आधी ती पुन्हा आली, दोन्ही मुलांना घेऊन. बाहेर पाऊस लागला होता. मी मुलाला कूलरचं विचारलं.

"आता नाही चालत. हवा ओली झाली ना," तो म्हणाला. टाकी रिकामी करून, पुसून, पंप कापडात गुंडाळून त्यानं तो ओसरीत ठेवला होता. यंदा कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरताना बाबांनी त्याला छपरावर चढू दिलं नव्हतं, त्यानं खालून एकेक कवेलू वर दिले होते.

"पुढच्या उन्हाळ्यात याच्यासाठी काय करू, मॅडम?" आईनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "कवेलू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबांना विचारा, शिडी कोण धरणार."