रग्बी लीग विश्वचषकात दोन सामने जिंकलेला संघ बाहेर आणि एकही न जिंकलेला संघ पुढे, असे कसे होते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. २०१७ च्या रग्बी लीग विश्वचषकात आयर्लंडने तीनपैकी दोन सामने जिंकूनही तो साखळीतच बाद झाला आणि सामोआने एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरी गाठली, हे कोणत्या नियमात बसते, हा पहिला प्रश्न. आणि या स्पर्धेचे गट खरोखर चिठ्ठ्या काढून पडतात की सगळे आधीच ठरलेले असते, हा दुसरा. मी कामानिमित्त काही वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात राहिलो, तिथे हा खेळ पाहायला शिकलो, आणि त्याआधी आमच्या तालुक्यात कबड्डी स्पर्धांच्या भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याचे तक्ते) तयार करण्याचे काम बरीच वर्षे केले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडे सांगू शकेन. वाचकांसाठी एवढेच आधी स्पष्ट करतो की, इथे विषय तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा आहे. पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनचा विश्वचषक वेगळा.

२०१७ मध्ये चौदा संघ होते. अ गटात ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, लेबनॉन आणि फ्रान्स. ब गटात न्यूझीलंड, टोंगा, सामोआ आणि स्कॉटलंड. क गटात पापुआ न्यू गिनी, आयर्लंड आणि वेल्स. ड गटात फिजी, अमेरिका आणि इटली. चार संघांच्या पहिल्या दोन गटांतून तीन-तीन संघ पुढे जाणार होते, आणि तीन संघांच्या उरलेल्या दोन गटांतून फक्त गटविजेता. म्हणजे आठपैकी सहा जागा अ आणि ब गटांना, आणि एकेक जागा क आणि ड गटाला. आयर्लंडला पुढे जायचे तर पहिले येणे भाग होते. सामोआला शेवटचे न येणे पुरेसे होते.

आता आकडे पाहा. सामोआ न्यूझीलंडकडून ३८-८ असा आणि टोंगाकडून ३२-१८ असा हरला. स्कॉटलंडची अवस्था त्याहून बिकट होती: टोंगाविरुद्ध ५०-४, न्यूझीलंडविरुद्ध ७४-६. त्यामुळे ११ नोव्हेंबरला केर्न्सच्या मैदानावर हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा दोघांच्याही खात्यात भोपळा होता, पण गुणफरक (सामन्यांत केलेले गुण वजा दिलेले गुण) सामोआचा उणे ४४ आणि स्कॉटलंडचा उणे ११४ होता. सामना १४-१४ असा बरोबरीत सुटला, दोघांना एकेक गुण मिळाला आणि सामोआ तिसरा आला. तिकडे आयर्लंडने इटलीला ३६-१२ आणि वेल्सला ३४-६ असे हरवले होते, आणि पापुआ न्यू गिनीविरुद्धचा सामना १४-६ असा गमावला होता. बेरीज केली तर आयर्लंडचा गुणफरक अधिक ४४ भरतो. एक संघ उणे ४४ वर आत आणि दुसरा अधिक ४४ वर बाहेर. कोणी मुद्दाम जुळवून आणले असते तरी इतके नेमके जुळले नसते.

आयर्लंडला आणखी एक घाव बसला, ज्याची चर्चा कमी होते. पापुआ न्यू गिनीने आपले तिन्ही साखळी सामने पोर्ट मोर्सबीला, घरच्या मैदानावर खेळले. या देशात रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ मानला जातो आणि तिथले प्रेक्षक पाहुण्या संघाला काय वाटेल याची पर्वा करत नाहीत. ज्या गटातून एकच संघ पुढे जाणार, त्या गटात एकाला तिन्ही वेळा घरचे मैदान देणे हे मला गटांच्या असमान रचनेपेक्षाही अधिक खटकते. आठ गुणांनी हरलेला तो सामना तटस्थ मैदानावर झाला असता तर निकाल बदललाच असता असे नाही, पण निदान तक्रारीला जागा उरली नसती.

मग अशी वाकडी रचना करतातच कशाला? कारण या खेळात वरच्या तीन-चार संघांत आणि बाकीच्यांत फार मोठी दरी आहे, आणि रग्बी लीगमध्ये ती दरी फलकावर लगेच दिसते. ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याला, चार गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन, आणि ट्राय झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करताना चेंडू बहुतेक वेळा ट्राय करणाऱ्या संघाकडेच परत येतो. सहा टॅकलपर्यंत, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून अडवले जाईपर्यंत, चेंडू आपल्याकडे ठेवता येतो, त्यामुळे दमलेला दुबळा संघ नुसता अडवत राहतो आणि अडवून अडवून आणखी दमतो. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल: एकदा लोण चढू लागले की चढतच जातात. २००० च्या स्पर्धेत सोळा संघ घेऊन चार-चारचे सरळ चार गट केले होते, आणि त्यात ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असे हरवले. असे सामने जिंकणाऱ्याच्या कामाचे नसतात, हरणाऱ्याच्याही नसतात, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाच्या तर मुळीच नसतात.

त्यानंतर २००८ मध्ये आयोजक दुसऱ्या टोकाला गेले. दहाच संघ घेतले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड आणि पापुआ न्यू गिनी एका गटात, आणि त्यातून तीन संघ थेट उपांत्य फेरीत. फिजी, फ्रान्स, स्कॉटलंड दुसऱ्यात. आयर्लंड, सामोआ, टोंगा तिसऱ्यात. आणि या दोन लहान गटांच्या विजेत्यांनी आपसात खेळून उरलेली एक जागा मिळवायची. बलवानांचे सामने बलवानांशी आणि बरोबरीच्यांचे बरोबरीच्यांशी, हा हेतू साधला. मात्र तीन संघांच्या गटाचा जो जुना रोग आहे, तो दोन्ही लहान गटांत एकाच वेळी उफाळून आला. दोन्हीकडे तिन्ही संघांनी एकेक सामना जिंकला आणि एकेक हरला.

या रोगाशी माझी जुनी ओळख आहे. आमच्या एका तालुका स्पर्धेत तिघांच्या गटात हेच झाले होते. रात्रीचे दोन वाजले होते, हॅलोजनभोवती किडे घोंगावत होते, आणि गुणलेखकाच्या टेबलाभोवती तिन्ही संघांचे कर्णधार वाकून उभे होते. गुणफरक काढता काढता एका सामन्याचा एक बोनस गुण कोणाच्या नावावर लिहिला गेला यावरून वही तीनदा उलटीसुलटी झाली. ज्याचा सामना संध्याकाळी पहिला झाला होता तो कर्णधार एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "आम्हाला माहीत असतं तर आम्ही शेवटची पाच मिनिटं वेळ काढत बसलो नसतो." त्याचे म्हणणे बरोबर होते. तिघांच्या गटात प्रत्येक फेरीला एक संघ बसून राहतो, आणि जो शेवटी खेळतो त्याला किती फरकाने जिंकायचे किंवा हरायचे हे आधीच कळलेले असते.

२००८ च्या ब गटात हेच चित्र होते. फ्रान्सने स्कॉटलंडला ३६-१८ असे हरवले, फिजीने फ्रान्सला ४२-६ असे हरवले, आणि शेवटी स्कॉटलंड आणि फिजी यांचा सामना आला. फिजीचा फरक अधिक ३६, स्कॉटलंडचा उणे १८. स्कॉटलंडने सामना १८-१६ असा जिंकला, पण गटात पहिला फिजीच आला, कारण पुढे जाण्यासाठी स्कॉटलंडला दोन नव्हे तर किमान अठ्ठावीस गुणांनी जिंकावे लागले असते. फिजीने नंतर आयर्लंडला ३०-१४ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि तिथे ऑस्ट्रेलियाने त्यांचा ५२-० असा धुव्वा उडवला.

२०१३ आणि २०१७ ची चौदा संघांची रचना ही या दोन टोकांमधली तडजोड होती, आणि तिच्यात एक गोष्ट खरोखर हुशारीची होती. तिघांच्या गटात प्रत्येकाला दोनच सामने मिळतात. म्हणून क आणि ड गटांतील प्रत्येक संघाला समोरच्या गटातील एका संघाशी एक सामना खेळायला लावला आणि त्याचे गुण आपापल्या गुणतक्त्यात धरले. त्यामुळे सगळ्यांचे तीन-तीन सामने झाले आणि कोणत्याही आठवड्यात कोणी रिकामे बसले नाही. आयर्लंडचा इटलीविरुद्धचा विजय हा असाच आंतरगट सामना होता. दोष इतकाच की, एकाच गटातले तिघे तीन वेगवेगळ्या पाहुण्यांशी खेळतात आणि ते पाहुणे सारख्या ताकदीचे नसतात. वेल्सच्या वाट्याला फिजी आला आणि वेल्स ७२-६ असा हरला; पापुआ न्यू गिनीच्या वाट्याला अमेरिका आली आणि त्यांनी ६४-० असा विजय मिळवला.

या रचनेच्या बाजूने एक पुरावा मात्र नोंदवायला हवा. त्याच २०१७ च्या स्पर्धेत ड गटातून आलेल्या फिजीने वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडला ४-२ असे हरवले. एकही ट्राय न झालेला तो सामना होता. दुबळ्या म्हटल्या जाणाऱ्या गटाचा विजेता थेट यजमानांपैकी एकाला घरी पाठवू शकतो, हे त्यावरून दिसले. न्यूझीलंडची गाठ फिजीशी पडली तीही टोंगाकडून २८-२२ असे हरून ते गटात दुसरे आले म्हणूनच.

आता आपला दुसरा प्रश्न. चिठ्ठ्या काढतात, पण सगळ्या एका भांड्यातून काढत नाहीत. बलाढ्य संघ आधीच वेगवेगळ्या गटांच्या डोक्यावर बसवतात आणि बाकीच्यांची सोडत होते. २०२१ च्या स्पर्धेची, म्हणजे कोविडमुळे प्रत्यक्षात २०२२ मध्ये झालेल्या स्पर्धेची सोडत १६ जानेवारी २०२० रोजी बकिंगहॅम पॅलेसमध्ये प्रिन्स हॅरी यांच्या उपस्थितीत झाली. पुन्हा सोळा संघ, चार-चारचे चार गट, प्रत्येकातून दोन संघ पुढे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि टोंगा अनुक्रमे अ, ब, क आणि ड गटांत होते. एकतर्फी सामनेही ठरल्याप्रमाणे परत आले: ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ८४-० आणि इंग्लंडने ग्रीसला ९४-४ असे हरवले.

माझ्या मते गटांच्या सोडतीपेक्षा बाद फेरीची जोडणी अधिक बारकाईने पाहावी, कारण खरी मेख तिथे असते. २०२२ मध्ये अ गटाची गाठ ड गटाशी आणि ब गटाची क गटाशी घातली होती, आणि उपांत्य फेरीही त्याच हिशेबाने होती. परिणामी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकाच अर्ध्यात आले आणि लीड्सच्या एलंड रोडवर उपांत्य फेरीतच भिडले. ऑस्ट्रेलियाने तो सामना १६-१४ असा जिंकला. यजमान इंग्लंडला या दोघांपैकी कोणाचेही तोंड अंतिम सामन्याआधी पाहावे लागणार नव्हते. हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, पण तक्ता वाचणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून दिसत होते. आणि तरीही, पहिल्याच सामन्यात ज्या सामोआला इंग्लंडने ६०-६ असे झोडपले होते, त्याच सामोआने उपांत्य फेरीत गोल्डन पॉइंटवर (जादा वेळेत जो आधी गुण करेल तो जिंकतो) २७-२६ असा विजय मिळवून इंग्लंडला बाहेर काढले.

साखळीत चांगले खेळून शेवटी हात चोळत बसणे या खेळात नवीनही नाही. १९७० मध्ये चारच संघ होते. ग्रेट ब्रिटनने साखळीतले तिन्ही सामने जिंकले. उरलेल्या तिघांनी एकेक जिंकला, आणि ऑस्ट्रेलिया केवळ गुणफरकावर, न्यूझीलंडला ४७-११ असे हरवल्याच्या पुण्याईवर, अंतिम सामन्यात पोचला. हेडिंग्लीला त्यांनी ब्रिटनला १२-७ असे हरवून चषक नेला. दोनच वर्षांनी फ्रान्समधील लिओं शहरात या दोघांचाच अंतिम सामना जादा वेळेनंतरही १०-१० असा बरोबरीत राहिला, तेव्हा मात्र साखळीतली कामगिरी पाहून चषक ब्रिटनला दिला गेला.

चौदा संघांच्या रचनेत माझ्या हाती असते तर मी अ आणि ब गटातील तिसऱ्या संघांना क आणि ड गटातील दुसऱ्या संघांशी एकेक सामना खेळायला लावला असता. सामोआ विरुद्ध आयर्लंड असा सामना झाला असता आणि वाद मैदानावर मिटला असता. पण त्यासाठी आणखी एक आठवडा लागतो. ज्या खेळात दर सामन्यानंतर अंग सावरायला पाच-सहा दिवस हवेत, तिथे दोन सामन्यांसाठी बाकीचे सहा संघ आठवडाभर हॉटेलात बसवून ठेवायचा खर्च कोणी करत नाही.

आयर्लंडपुरते सांगायचे तर २०२२ मध्ये त्यांना हवी तशी रचना मिळाली: चार संघांचा गट, तीन सरळ सामने, पुढे दोन जागा, आणि पोर्ट मोर्सबीही नाही. त्यांनी जमैकाला ४८-२ असे हरवले, लेबनॉनकडून ३२-१४ आणि न्यूझीलंडकडून ४८-१० असे हरले, आणि गटात तिसरे आले.