बॅट दाखव बरं आधी

मागच्या महिन्यात टेबल टेनिसच्या बॅटवर सहज दोन ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून मेसेज थांबूनच नाही राहिले. सगळे घेणं शक्य नाही, पाच निवडले.

प्रश्न (धरमपेठ, एका खेळाडूची आई): मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी ब्लेड (बॅटचं लाकूड) वेगळं, रबर वेगळे असे घेतले, बरेच पैसे गेले, आणि मामाने घरीच चिकटवून दिले. स्पर्धेत पंचांनी बॅट उलटसुलट पाहिली अन् म्हणाले रबरवर मार्क नाही, चालणार नाही. रबर ओरिजिनल आहे हो, पाकीट अजून कपाटात आहे. पाकीट दाखवून का चालत नाही?

उत्तर: ताई, रबर ओरिजिनल असेलच, पण तो मार्क मामांच्या कटरखाली आला अन् केरात गेला असं वाटतं. नवीन रबर चौकोनी येतं ना, त्याच्या एका कडेला आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस संघटनेचा) लोगो, कंपनी आणि रबरचं नाव, नंबर असं सगळं उठावात छापलेलं असतं. ती कड हँडलकडे ठेवायची आणि कापताना तेवढा भाग वाचवायचा. घरी चिकटवणारे लोक नेमके रबर उलटं लावतात, म्हणजे मार्क गेला वरच्या टोकाला, मग गोल कापताना तो उडतो. पंच तो मार्क पाहूनच मान्यताप्राप्त रबरच्या यादीत हे रबर आहे का ते बघतात. पाकिटाचं म्हणाल तर बिस्किटाच्या डब्यात आपण सुईदोराच ठेवतो की, डब्यावरून आत काय आहे ते थोडंच कळतं!

दुसरं म्हणजे रबर ब्लेडच्या काठापर्यंत पाहिजे, बाहेर लोंबायला नको. हँडलजवळ बोटं टेकतात तेवढी जागा उघडी राहिली तर हरकत नाही. आणि टेबलावर आपटून काठाचा बारीकसा टवका गेला तर लगेच घाबरू नका, अपघाताने किंवा वापरून झालेलं थोडंफार नुकसान नियमात चालतं, रबरच्या खेळण्यात फरक पडला नाही म्हणजे झालं, आणि ते पंच ठरवतात. मुलाला सांगा की तुझी काही चूक नाही. मामांना मात्र पुढच्या वेळी फक्त चहा द्या, कटर नका देऊ.

प्रश्न (मानेवाडा, कॉलेजचा खेळाडू): सर, मॅचआधीच्या टेस्टिंगला माझ्या बॅटच्या रबरची जाडी ४.०८ मिलिमीटर आली. रबरच्या पाकिटावर तर २.१ लिहिलंय. मशीन खराब असेल का?

उत्तर: मशीनला कायले दोष देतोस भाऊ. २.१ हा फक्त खालच्या स्पंजचा आकडा आहे. त्याच्यावर टॉपशीट, म्हणजे वरचा रबरचा थर, ती साधारण पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ३.९ च्या जवळ तू गोंद लावायच्या आधीच पोचला. नियम सांगतो की स्पंज, टॉपशीट आणि गोंद सगळं मिळून ४.० मिलिमीटर, त्याच्या वर नाही. आता तू आठव, मागचं रबर काढलं तेव्हा ब्लेडवरचा गोंद काढला होतास का? नव्वद टक्के पोरं काढत नाहीत. पाण्यावाला गोंद वाळला की त्याचा पातळ पापुद्रा होतो, अंगठ्याने घासला की पोळीच्या कणकेसारख्या वळ्या होऊन निघतो, दहा मिनिटांचं काम आहे, पण कंटाळा. मग जुन्यावर नवा थर, ब्लेडला दोन हात, स्पंजला दोन हात, आणि मग मशीन खराब.

आणि खरं सांग, तेल लावलं होतंस का? बूस्टर म्हणतात ते. स्पंज फुगतो, बॉल उडतो, मजा येते हे मलाही माहीत आहे. पण रबर जसं मान्य झालंय तसंच वापरायचं, त्याच्यावर कुठलीही प्रक्रिया करायची नाही असा नियम आहे. गोंदातल्या रसायनांची वाफ मोजणाऱ्या मशीनला बरेच बूस्टर सापडत नाहीत हे खरं, पण फुगलेलं रबर जाडीत सापडतं, नाहीतर सपाटीत सापडतं, कारण मधोमध किंवा काठाला ते ब्लेड सोडून उचलतं. सपाटीचीही मर्यादा आहे, बाहेरच्या बाजूला ०.२ मिलिमीटर फुगवटा अन् आतल्या बाजूला ०.५ खोलगटपणा, बस.

एक गोष्ट मात्र तू बरोबर केली, मॅचच्या आधी स्वतःहून चेक करून घेतली. आधी फेल झाली तर दुसरी बॅट घ्यायची, विषय संपला. मॅच झाल्यावर फेल झाली की जिंकलेली मॅचसुद्धा हातची जाऊ शकते.

प्रश्न (महाल, वय ६१): आमच्या काळी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून खेळायचो, बॉलचा काय खणखणीत आवाज यायचा. या लोकांनी ते बंद करून खेळाची मजाच घालवली. जाडी मोजायची तरी काय गरज होती?

उत्तर: काका, तुमचा आवाज मलाही आठवतो. आमच्याकडे तर ट्यूबचं झाकण दाताने उघडायचो अन् ताजं ताजं लावून लगेच कोर्टवर, बंद खोलीत दहा पोरं अन् तो वास, डोकं गरगरून जायचं. आम्हाला वाटायचं मॅचचं टेन्शन आहे. त्या गोंदातले सॉल्व्हंट श्वासात जातात म्हणून तर बीजिंग ऑलिंपिक झाल्याबरोबर १ सप्टेंबर २००८ पासून ते बंद झालं. त्यामुळे आता गोंदही पाण्यावाला, आणि नवं रबर पाकिटातून काढून तीनेक दिवस उघड्यावर ठेवायचं म्हणजे कारखान्यातला वास निघून जातो. पोरं आदल्या रात्री पाकीट फोडतात अन् सकाळी टेस्टिंगला रडतात.

जाडीची गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल, कारण तिचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९५२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप मुंबईला झाली, आशियात पहिल्यांदाच. तेव्हा सगळे दाणेदार रबरने खेळायचे अन् बॉल बॅटला लागल्याचा टक टक आवाज यायचा, त्या आवाजावरून समोरच्याला अंदाज यायचा. जपानचा हिरोजी सातो आला जाड स्पंजची बॅट घेऊन. आवाजच नाही! बॉल स्पंजमध्ये रुतायचा अन् सुसाट निघायचा, समोरच्याला कळायचं नाही कधी मारला ते, आणि पठ्ठ्या एकेरी जिंकून गेला. मग काही वर्षं भांडणं चालली अन् १९५९ मध्ये नुसता स्पंज बंद करून रबर आणि स्पंजची जाडी ठरवून दिली. तेव्हा आज मानेवाड्याच्या पोराची बॅट ४.०८ ला अडकली तर दोष सातोला द्या.

प्रश्न (सक्करदरा, नववीतली मुलगी): समोरच्या मुलीचं रबर निळं होतं आणि तिने बॅकहँडने मारलेला बॉल उलटाच यायचा. हे चालतं का? मला विचारायची लाज वाटली.

उत्तर: निळं चालतं. एक बाजू काळी पाहिजेच, दुसरीला आधी फक्त लाल होतं, ऑक्टोबर २०२१ पासून निळं, हिरवं, गुलाबी, जांभळंही चालतं. रंग वेगळे ठेवायचा नियम आला तो ऐंशीच्या दशकात, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना सारख्या रंगाची पण वेगळ्या गुणाची रबर लावून खेळाडू हातातल्या हातात बॅट फिरवायचे अन् समोरच्याला कळायचंच नाही कुठल्या बाजूने आला.

तिच्या रबरवर लांब दाणे असणार. तू टॉपस्पिन (पुढे फिरणारा बॉल) मारला की तुझाच स्पिन तुला परत मिळतो, म्हणजे तुझ्याकडे येताना तो बॅकस्पिन (उलटा फिरणारा) होऊन येतो, म्हणून तुझा बॉल नेटमध्ये. आपल्या भारताची मनिका बत्रा पण बॅकहँडला लांब दाणेच लावते, चोरी नाही त्यात काही.

पण लाज कसली गं? मॅच सुरू व्हायच्या आधी बॅट समोरच्याला आणि पंचाला दाखवायचीच असते, मागितली तर हातात घेऊन पाहू द्यायची असते, नियमच आहे तो. नागपूरच्या पोरांना ते भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं, दुसऱ्याची बॅट मागायची म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. नाही घ्यायचा संशय. नुसतं "बॅट दाखव बरं" म्हणायचं, बोट फिरवून दाणे लांब आहेत की बुटके ते पाहायचं, कुठल्या रंगाला दाणे आहेत ते डोक्यात ठेवायचं अन् परत द्यायची.

प्रश्न (वाडी): मॅच चालू असताना बॅट बदलता येते का?

उत्तर: नाही. अपघाताने इतकी तुटली की खेळताच येत नाही, तरच. म्हणून दुसरी बॅट जवळ ठेवा, आणि तिचीही सवय ठेवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वांग चुचिनने मिश्र दुहेरीचं गोल्ड जिंकलं आणि त्यानंतरच्या फोटोच्या गर्दीत एका फोटोग्राफरचा पाय त्याच्या बॅटवर पडून ती तुटली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅटने खेळला तो एकेरीत स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला, आणि मोरेगार्डची बॅट षटकोनी. हो, आकार कसाही चालतो, साइज आणि वजनालाही बंधन नाही, फक्त ब्लेड सपाट अन् कडक पाहिजे आणि त्याच्या जाडीत ८५ टक्के लाकूड पाहिजे.

ती दुसरी बॅट मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत नका ठेवू, आपल्याकडच्या उन्हात गोंद सुटतो अन् रबर काठाने उचललं की सपाटीत फेल. आणि दोन गेमच्या मध्ये पाणी प्यायला जाताना बॅट टेबलावरच ठेवायची, सोबत घेऊन कूलरजवळ गेलात की पंच हाक मारणार.