बांधीव अंकांचे काय करावे?

प्रश्न : ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे संशोधनपत्रिका संगणकावर मिळू लागल्याने नियतकालिकांच्या बांधीव खंडांचे निर्लेखन करून, म्हणजे ते नोंदीतून कमी करून काढून टाकून, तो मजला अभ्यासिकेला द्यावा, असा प्रस्ताव आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीपुढे आला आहे. सदस्य या नात्याने मी कोणती भूमिका घ्यावी?
– एक प्राध्यापिका

उत्तर : अभ्यासिका हवीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ही योजना, म्हणजे २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ही वर्गणी आहे, खरेदी नव्हे. कोणत्या पत्रिकेचे कोणत्या वर्षापासूनचे अंक उघडतात आणि मुदत संपल्यावर त्यांचे काय होणार, हे योजनेचे काम पाहणाऱ्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राकडून लेखी घ्यावे. त्यानंतर इंग्रजी विज्ञानपत्रिकांचे दुबार खंड काढले, तर हळहळण्याचे कारण नाही.

खरी अडचण मराठी अंकांची आहे. ही यादी प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची असल्यामुळे जुनी मराठी मासिके तिच्यात सापडणार नाहीत, आणि निर्लेखनाच्या नोंदवहीत मात्र त्यांच्यापुढेही ‘वापर नाही’ एवढाच शेरा पडेल. (ज्याची सूचीच झालेली नाही, ते वाचक मागणार तरी कसे?) त्यांचे स्कॅनिंग करायचे ठरल्यास आधी दोन-चार खंड स्वतः उघडून पाहा. बांधणाऱ्याने कडा कापताना समासातले शब्द गेलेले असतात, मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने पुष्कळदा काढून टाकलेली असतात, आणि शिलाईत दबलेली ओळ यंत्राला वाचता येत नाही. अशा खंडाला दुसऱ्या ग्रंथालयातील प्रतीची जोड लागते. शिवाय नुसती छायाचित्रे साठवून भागत नाही. अंक, लेख आणि लेखक यांची मराठीतून सूची झाली नाही, तर ती संगणकातली अडगळच ठरते. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकत असल्याने, कोणते लेखन सर्वांसाठी खुले करता येईल याची छाननीही याच कामात धरावी लागेल.

म्हणून प्रस्तावाला सरसकट विरोध करण्याऐवजी त्याचे दोन ठराव करण्याचा आग्रह धरावा. अभ्यासिकेसाठी दुबार इंग्रजी खंडांची जागा, इन्फ्लिबनेटचे लेखी उत्तर येताच, मोकळी करावी. मराठी खंडांना, त्यांची सूची आणि अन्य ग्रंथालयांतील प्रतींची पडताळणी पूर्ण होईपर्यंत, निर्लेखनातून वगळावे, आणि त्या कामासाठी एका सूचीकाराचे वेतन यंदाच्याच अंदाजपत्रकात मागावे.