फुकट दिलेलं सॉफ्टवेअर आता विकतात कसं?

प्रश्न : सर नमस्कार, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. चार वर्षांपूर्वी भाच्याने एक फ्री सॉफ्टवेअर टाकून दिलं, सुताचा स्टॉक, बिलं सगळं त्यातच, आणि आता ते बनवणारे म्हणतात विंडोजचं पुढचं व्हर्जन पैसे भरूनच मिळणार, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) मात्र फ्रीच. कोड घेऊन आम्ही काय करू? आधी सवय लावली आणि आता विकायला काढलं की ओ! हे चालतं का, आमचा हिशेब अडकला का?

उत्तर : दादा, हिशेब अडकलेला नाही, तुमच्याकडचं व्हर्जन चालूच राहील, फक्त त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.

विकणं चालतं का, तर हो. यातलं फ्री म्हणजे मोकळं, फुकट नव्हे. जीपीएल म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला, बदलायला, वाटायला मोकळा ठेवणारं लायसन, त्यात विकायला बंदी नाही, ते लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या मोकळ्या एडिटरची टेप १५० डॉलरला विकायचे. तुम्हाला तर हे लगेच कळेल, जकार्डचे नक्षीचे पुठ्ठे सगळ्यांना मोकळे दिले तरी चादर विणायला सूत, मजुरी, लाइट लागतेच ना? तसंच कोडपासून विंडोजवर चालणारी फाइल बनवायची, टेस्ट करायची, विंडोजने धोक्याचा इशारा देऊ नये म्हणून फाइलवर डिजिटल सही करायचं सर्टिफिकेट दरवर्षी पैसे भरून घ्यायचं, हे सगळं कुणीतरी रात्री जागून करत असतं.

एक्सचॅट या चॅटच्या सॉफ्टवेअरचं असंच झालं होतं, २००४ मध्ये विंडोजची तयार फाइल पैशाची झाली पण कोड जीपीएलवर मोकळा, मग दुसऱ्यांनी त्यातूनच फुकट फाइली बनवून दिल्या. तुमच्या सॉफ्टवेअरचीही अशी कुणी बनवतंय का, भाच्याला बघायला सांगा.

मला खरी काळजी वाटते ती लायसन बदललं तर. २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने पुढच्या व्हर्जनचं लायसनच बदललं, कोड पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही, तेव्हा जुन्या मोकळ्या कोडवरून दुसऱ्यांनी व्हॅल्की नावाचं वेगळं सॉफ्टवेअर उभं केलं. म्हणून नव्या व्हर्जनची लायसनची फाइल आधी वाचून घ्या, जीपीएलच असेल तर माझं स्पष्ट मत, पैसे भरा. चार वर्षं ज्यांच्या कामावर कारखान्याची बिलं निघाली त्यांचा तो हक्कच आहे.

पण त्याआधी सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्येही उघडते अशी साधी फाइल) काढून पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दोन-चार जुनी बिलं ताडून बघा, जीएसटीचे आकडे सुद्धा.