डायलिसिस नुकतं सुरू झालंय? आधी तहानेचं बघा

मशीनवरचे ४ तास कसेबसे निघतात हो, खरी परीक्षा मधल्या दिवसांची. पाणी मोजून प्या, हे तुम्हाला सगळे सांगतील. पण मीठ तोडल्याशिवाय ते जमत नाही. खारट पोटात गेलं की तहान लागणारच, तिथे मनाचा निग्रह वगैरे काही चालत नाही. मी सुरुवातीला महिनाभर उगाच स्वतःला दोष देत बसलो होतो!

१ लिटर पाणी अंगात साठलं की वजन १ किलोने वाढतं, म्हणून रोज सकाळी काट्यावर उभे राहा. जास्त पाणी साठलं तर मशीनला ते भराभर ओढावं लागतं. मग पायात गोळे येतात, बीपी पडतं. पेला लहान घ्या. बर्फ चघळलात तर तोही पाण्यातच धरा. आणि 'कमी सोडियम'चं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि ते वाढलं तर थेट हृदयावर येतं.

फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असेल तर रोज त्यावर बोटं ठेवून थरथर जाणवते का बघा. नाही जाणवली तर उद्यावर ढकलू नका, लगेच सेंटरला फोन. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घट्ट घड्याळ नाही.

जेवणातला फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या जेवताना घ्यायच्या, नंतर आठवल्यावर नाही.

डायलिसिसच्या संध्याकाळी मी कुणालाच भेटत नाही. झोपतो सरळ. घरच्यांना आता सवय झालीय.