रुग्णाचे गुपित आणि क्षयरोगाची नोंद

प्रश्न : मुंबईच्या गिरणगावात माझा अनेक वर्षांपासून दवाखाना आहे. चाळीत राहणाऱ्या एका तरुणीला मानेच्या गाठींचा क्षयरोग असल्याचे नुकतेच निदान झाले. तिचे लग्न ठरले असून, ‘डॉक्टर, माझे नाव कुठेही कळवू नका,’ अशी तिने विनवणी केली आहे. नोंद केली की आरोग्यसेविका घरी येणार आणि ते सगळ्या गॅलरीला दिसणार. शिवाय साथीच्या दिवसांत तापाच्या रुग्णांची नावे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकण्याचा आग्रह होतो, तो वेगळाच. अशा वेळी रुग्णाचा विश्वास राखावा की कायदा?
– एक डॉक्टर, मुंबई

उत्तर : क्षयरोगाची नोंद आपल्याला करावीच लागेल. केंद्र सरकारने 2012 मध्ये खासगी डॉक्टरांनाही ती बंधनकारक केली आणि 2018 च्या अधिसूचनेने, जाणूनबुजून नोंद टाळणाऱ्यावर दंडसंहितेनुसार कारवाईची तरतूद केली. रोग गाठींचा आहे, फुफ्फुसांचा नाही, म्हणून सूट मिळत नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत रुग्णाचे गुपित न फोडण्याचे बंधन आहे. पण अधिसूचित, म्हणजे नोंद बंधनकारक असलेला, आजार सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवणे हा त्या बंधनाला तिथेच दिलेला अपवाद आहे. मात्र त्या अपवादात सासर येत नाही, चाळ येत नाही आणि आपला कंपाउंडरही येत नाही. फुफ्फुसे निर्दोष असतील तर गाठींचा क्षयरोग सहसा श्वासातून पसरत नाही, त्यामुळे ‘नवऱ्या मुलाला धोका आहे’ या सबबीखालीही तिच्या परवानगीवाचून कोणाला काही सांगण्याचे कारण उरत नाही.

क्षयरुग्णांची नोंद होते त्या सरकारी ‘निक्षय’ पोर्टलवर नाव भरण्याआधी तिला समोर बसवून सांगावे की ही माहिती कोणाकडे जाते आणि कशासाठी : औषधे मध्येच सुटू नयेत, घरातील इतरांची तपासणी व्हावी, पोषणासाठीचे दरमहा 1000 रुपये तिच्या खात्यात जमा व्हावेत. भेट घरी न होता आपल्या दवाखान्यात किंवा फोनवर व्हावी, अशी विनंती आपण स्वतः क्षयरोग कर्मचाऱ्याला करावी. घरच्यांच्या तपासणीचा प्रश्न उरतोच. पण तो विषय घरात कोणी आणि कसा काढायचा, हे तिला आधी ठरवू द्यावे.

या भीतीला मुंबईत जुना इतिहास आहे. 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या आणि लोक आपले रुग्ण लपवू लागले. माहिती मागणाऱ्याची धास्ती बसली, की रुग्ण दवाखान्याचीच वाट सोडतो आणि मग यंत्रणेच्या हाती ना नाव लागते, ना आकडा.

तापाच्या यादीचे प्रकरण मात्र निराळे आहे, आणि तिथे आपण ठाम राहावे असे माझे मत आहे. साथ वाढते आहे का, हे पाहायला रुग्णांची संख्या आणि वयोगट पुरतात. डेंग्यूत डासांची पैदास शोधण्यासाठी पत्ता लागतो. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात प्रायमाक्विन या औषधाचा 14 दिवसांचा क्रम पूर्ण झाला की नाही, हे पाहायचे असल्याने नावही लागते. म्हणून प्रत्येक वेळी कशासाठी, हे आपण विचारावे आणि तेवढेच द्यावे. ते संबंधित आरोग्य अधिकाऱ्यालाच, लेखी मागणीनंतर द्यावे. ज्या ग्रुपमध्ये कोणकोण आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, तिथे काहीही टाकू नये. नाव खोडले म्हणजे झाले, असेही समजू नये : ‘दुसरा मजला, मुलगी, वय 24’ एवढे वाचून चाळीतले शेंबडे पोरही ती कोण ते सांगेल.

आणखी एक, जरा अप्रिय. सरकारी पोर्टलची काळजी करणाऱ्या कित्येक दवाखान्यांत केसपेपरचा गठ्ठा टेबलावर उघडा असतो आणि बाहेर बसलेल्या दहा जणांच्या देखत रुग्णाला नावानिशी ‘टीबीचा रिपोर्ट आणलात का?’ असे विचारले जाते. त्या तरुणीची पुढची भेट दवाखाना उघडण्यापूर्वीची ठेवावी.